नाते : बहीण

दर वर्षी याच सुमाराला माझ्या फोनवर एक मेसेज येतो. वर नोंदणी क्रमांक आणि खाली दोन ओळी: आपल्या सॅम्पलच्या साठवणुकीची मुदत अमुक तारखेला संपते आहे, पुढे ठेवायचं असेल तर कळवा, नको असेल तर तसं लेखी द्या. मागेपुढे ओटीपी, कुरियर, विजेचं बिल. त्यांच्या रांगेत हाही गुपचूप उभा असतो. 'आपलं सॅम्पल' म्हणजे माझं नव्हे, धाकट्या भावाचं. ११ वर्षांपूर्वीच्या एका फॉर्मवर त्याच्या नंबरच्या जागी माझा नंबर पडला, कारण त्या आठवड्यात दिसेल त्या कागदावर मीच नंबर लिहीत सुटले होते. शेजारच्या रकान्यात 'नाते' असं छापलेलं होतं, तिथे मी 'बहीण' लिहिलं. एरवी मी तो मेसेज त्याला पुढे पाठवते, तो उलट एक अंगठा पाठवतो, पैसे भरतो, विषय संपतो. या वर्षी मेसेज आला तेव्हा मी कपड्यांच्या घड्या घालत होते. एका हातात उशीचा अभ्रा, दुसऱ्या हातात फोन. 'हो, पुढे ठेवायचं आहे' असं टाइप केलं आणि पाठवूनही दिलं. अभ्रा कपाटात गेला तेव्हा कुठे लक्षात आलं, की आपण त्याला विचारलंच नाही.

तेवढ्यावर भागलं असतं. पण याच प्रश्नाला मी एकदा त्याच्यादेखत, त्याच्याच वतीनं 'नको' म्हणून बसले होते, तेही आठवलं.

तेव्हा तो १९ वर्षांचा होता. मानेवर एक गाठ, न दुखणारी, म्हणून महिनाभर कुणी मनावर न घेतलेली. हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, हा शब्द घरात येऊन तीन दिवस झाले होते आणि एवढ्यात त्यानं सगळ्या खोल्या व्यापल्या होत्या. आई-बाबा बाहेरच्या बाकावर बसले, कारण आत ऐकायची दोघांचीही छाती नव्हती. आत आम्ही दोघं. डॉक्टर भरभर बोलत होते. केमोच्या किती सायकल, कोणत्या दिवशी रक्त तपासायचं, ताप आला तर काय करायचं. मी वहीत उतरवून घेत होते, शाळेत घ्यायचे तशी, लाल पेनानं अधोरेखित करत. शेवटी फाइल मिटता मिटता ते म्हणाले, "आणि हो, या औषधांनी पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. सॅम्पल ठेवायचं असेल तर दोन-तीन दिवसांतच काय ते ठरवा." मी वहीतून मानसुद्धा वर केली नाही. "ते नंतर बघू डॉक्टर. आधी तो बरा तर होऊ दे." डॉक्टरांनी मान डोलावली. त्यांनाही पुढचा पेशंट होता. धाकटा आपल्या बोटांची नखं बघत होता. मी वहीतल्या त्या ओळीपुढे काही लिहिलंच नाही.

'नंतर' हा शब्द मी किती सहज वापरला होता! त्या खोलीत बाकी सगळ्याला नंतर होतं, फक्त या एका गोष्टीला नव्हतं. पुढे सहा महिने रात्रीची झोप उडाली आणि मी वाचत बसायला लागले, तेव्हा हे कळलं. केमोची औषधं वाढत्या, विभागत्या पेशींच्या मागे लागतात. म्हणून केस जातात, तोंड सोलवटतं, आणि म्हणूनच शुक्राणू तयार करणाऱ्या पेशींवरही घाव पडतो. एक शुक्राणू घडायला साधारण ७४ दिवस लागतात, आणि हा कारखाना अहोरात्र चालू असतो. काहींचा तो वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा सुरू होतो. काहींचा होत नाही. औषध कोणतं आणि किती, यावर पुष्कळ अवलंबून असतं. सायक्लोफॉस्फामाइडसारख्या, थेट डीएनएला चिकटणाऱ्या औषधांचा धोका सगळ्यात जास्त. पण एका माणसाचं नेमकं काय होईल, ते आधी छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही.

डॉक्टरांशी बोलणं झालं त्याच संध्याकाळी रक्त घ्यायला एक सिस्टर आल्या. पन्नाशीच्या, जाड भिंगांच्या, चालताना चपलेचा एक विशिष्ट चर्र आवाज करणाऱ्या. सुई टोचून झाली, कापूस लावून झाला, तरी त्या जाईनात. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही जरा बाहेर बसता का?" मला राग आला. चार रात्री मी त्या खुर्चीवर काढल्या होत्या आणि ही बाई मलाच बाहेर काढत होती! दहा मिनिटांनी त्या आल्या. "उद्या सकाळी तो सॅम्पल देणार आहे. तुम्ही फक्त सोबत जा."

फक्त सोबत.

मी तेव्हा 'नको' का म्हटलं असेन, याचा मी पुष्कळ वेळा विचार केला आहे. वरवरचं उत्तर सोपं आहे: जीव वाचतो की नाही अशा वेळी पोराबाळांचं बोलणं मला हावरटपणाचं वाटलं. जणू आपण दोन गोष्टी मागितल्या तर एकही मिळणार नाही. पण खालचं उत्तर असं, की मला लाज वाटली. ज्याच्या बुटांच्या नाड्या मी बांधल्या, त्याच्यासमोर हा विषय! त्यात आपल्या भाषेनंही हात वर केलेले. या गोष्टीसाठी आपल्याकडे एक तर पोथीतला शब्द आहे, नाही तर शिवीतला. मधला, चारचौघांत उच्चारता येईल असा शब्दच नाही. म्हणून डॉक्टर 'सॅम्पल' म्हणाले, सिस्टरही 'सॅम्पल' म्हणाल्या, आणि आजतागायत मीही 'सॅम्पल'च म्हणते. रक्ताचंही सॅम्पल आणि याचंही सॅम्पल. शब्दाला तेवढं तरी पांघरूण.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सॅम्पल साठवतात त्या केंद्रात गेलो. तिथल्या भिंतींवर बाळांचे फोटो होते. गुबगुबीत, झोपलेली, टोपडी घातलेली, एकाला एक लागून बाळं. धाकट्यानं तोंडाला मास्क लावला होता आणि मानेवर बायोप्सीची पट्टी. समोर बसलेली जोडपी आमच्याकडे बघत आणि मग घाईनं भलतीकडे बघू लागत. त्यांनी आम्हाला नवरा-बायको समजू नये म्हणून मी तीन वेळा मोठ्यानं 'अरे, आई म्हणत होती' असं म्हटलं. आता हसू येतं. एका मुलानं त्याच्या हातात झाकणाची प्लॅस्टिकची डबी दिली, त्यावर नाव-नंबर नीट लिहिलंय ना ते दोनदा तपासलं, आणि आतली खोली दाखवली. कडी लागल्याचा आवाज झाला. मी समोरच्या बाळांपैकी एकाच्या टोपड्यावरचे ठिपके मोजत बसले. भिंतीतून कुठलंसं एसी थरथरत होतं. बायोप्सीनं थकलेला, रात्री घामानं भिजून दोनदा अंगरखा बदललेला मुलगा त्या दाराआड आहे आणि त्याच्याकडून आत्ता, या क्षणी, ही अपेक्षा आहे. ते किती निर्दय आणि किती गरजेचं आहे, हे दोन्ही मला एकदमच जाणवलं. मध्ये दोन दिवस सोडून तो आणखी एकदा जाऊन आला. तेव्हा मी खालीच थांबले.

रिपोर्ट फारसा बरा नव्हता. या आजारात उपचारांच्या आधीच शुक्राणूंची संख्या घसरलेली असणं नवलाचं नाही, असं तिथल्या डॉक्टर बाई म्हणाल्या. पण १९९२पासून इक्सी नावाचं तंत्र आलेलं आहे. एका स्त्रीबीजात एकच शुक्राणू सुईनं सोडतात, त्यामुळे लाखोंच्या फौजेची गरज उरत नाही. "थोडे असले तरी चालतात," त्या म्हणाल्या. धाकटा पहिल्यांदाच किंचित हसला. मग फॉर्म आला. चार पानी. तिसऱ्या पानावर प्रश्न होता: रुग्णाचा मृत्यू झाल्यास साठवलेल्या सॅम्पलचं काय करावं? पुढे तीन चौकोन. नष्ट करावं, संशोधनाला द्यावं, जोडीदाराकडे सोपवावं. केमो सुरू व्हायला चार दिवस होते. त्यानं पेन उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. "ताई, इथे काय करू?" आयुष्यात पहिल्यांदाच मला त्याच्या प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. मी गप्प बसले. मग त्यानं डाव्या हाताचा तळवा आडवा धरला, परीक्षेत शेजारच्याला उत्तर दिसू नये म्हणून धरतात तसा, आणि कुठल्या तरी चौकोनात खूण केली. कोणत्या, ते मला आजही ठाऊक नाही.

त्या काळात रात्री वाचलेल्यातली एक गोष्ट मला फार आवडली होती. १९४९ साली इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स हे शास्त्रज्ञ कोंबड्याचे शुक्राणू गोठवून पुन्हा जागे करता येतात का, ते पाहत होते. साखरेच्या द्रावणानं काही जमत नव्हतं. एकदा थंड खोलीत ठेवलेल्या जुन्या बाटलीतल्या द्रावणानं अचानक जमलं. ते संपत आल्यावर ताजं द्रावण केलं, तर पुन्हा अपयश. उरलेले थेंब तपासले तेव्हा कळलं, की बाटलीत साखर नव्हतीच, ग्लिसरॉल होतं. लेबलांची अदलाबदल झाली होती. ग्लिसरॉलमुळे पेशीत बर्फाचे सुईसारखे स्फटिक होत नाहीत, पेशी फाटत नाही. चार वर्षांनी, १९५३मध्ये, गोठवलेल्या मानवी शुक्राणूंपासून गर्भ राहिल्याचं जाहीर झालं. म्हणजे माझ्या भावाची ती छोटी नळी द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ज्या विद्येच्या भरवशावर ठेवलेली आहे, तिची सुरुवात चुकीच्या लेबलापासून झाली. माझा नंबर चुकीच्या रकान्यात पडला, त्याचं मला तेव्हापासून जरा कमी वाईट वाटतं. त्या थंडीत काळ जवळजवळ थांबतोच. वृषणाचा कॅन्सर झालेल्या एका १७ वर्षांच्या मुलाचं सॅम्पल २१ वर्षांनी वापरून बाळ झाल्याची नोंद २००४मध्ये प्रसिद्ध झाली. मी ते त्याला वाचून दाखवलं होतं. तो उलटी करून नुकताच आडवा झाला होता. "म्हणजे मी ४०चा होईपर्यंत तू मला हे ऐकवणार," तो म्हणाला.

आमचं दोन सकाळींत उरकलं. ते किती स्वस्तात सुटणं होतं, हे मला डे-केअरमध्ये, म्हणजे दिवसापुरतं बसवून केमो देतात त्या वॉर्डात, शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलीमुळे कळलं. २८-२९ची असेल, स्तनाचा कॅन्सर. सलाइन लागलेल्या हातानं ती शब्दकोडी सोडवायची आणि अडलं की मला विचारायची. तिच्या कहाणीत घड्याळ सतत टिकटिकत होतं. ऑपरेशन आणि केमो यांच्यामधल्या फटीत तिनं पोटात रोज इंजेक्शनं घेतली, ११ दिवस. एक दिवसाआड सोनोग्राफी. बीजांडकोश फुगवायचे म्हणजे इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढणार, आणि तिची गाठ तर इस्ट्रोजेनवरच पोसलेली. म्हणून ते चढू नये यासाठी सोबत लेट्रोझोलच्या गोळ्या. पाळीची वाट बघायचीही आता गरज नसते, महिन्यातल्या कोणत्याही दिवशी सुरुवात करता येते, तेवढीच सवलत. शेवटचं इंजेक्शन ठरलेल्या मिनिटाला, मग साधारण ३६ तासांनी भूल देऊन बीजं काढली. नऊ मिळाली. "नऊ," ती म्हणाली, "परीक्षेत नऊ मिळाले असते तर रडले असते." एका वेटिंगरूममध्ये डोक्यावर केस नसलेल्या बायका आणि दुसरीत भिंतभर बाळं, आपण दिवसाआड या दोन खोल्यांमध्ये ये-जा करत होतो आणि दोन्हीकडे परकेच होतो, असं ती म्हणायची.

तिला आणखी एक प्रश्न सोडवावा लागला होता, जो माझ्या भावाच्या वाट्याला आला नाही. नुसती बीजं गोठवायची की गर्भ? तेव्हा तिचा एक मित्र होता, लग्न करायचं जवळपास ठरलेलं. गर्भ गोठवण्याचा अनुभव डॉक्टरांकडे जुना, १९८४पासूनचा. नुसत्या बीजाचं अवघड. माणसाच्या शरीरातली ती सगळ्यात मोठी पेशी, पाण्यानं भरलेली, गोठताना तडकणारी. झटक्यात काचेसारखं गोठवण्याची रीत आली तेव्हा ते जमू लागलं, आणि अमेरिकेतल्या प्रजनन-वैद्यकांच्या संघटनेनं त्यावरचा 'प्रायोगिक' हा शिक्का २०१२मध्ये काढला. डॉक्टरांनी तिला एकटीला गाठून सांगितलं होतं, "गर्भ दोघांचा असतो. बीजं तुझी एकटीची." तिनं बीजं ठेवली. मित्र दुखावला. तिसऱ्या सायकलनंतर तो येईनासा झाला, त्यामुळे की आणखी कशामुळे, ते तिलाही सांगता येत नव्हतं. "बरं झालं ना पण?" मी विचारलं. तिनं शब्दकोडं पुढे केलं. "उभा शब्द, चार अक्षरी."

तिच्या बाबतीत मला एक हिशेब छळायचा. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्यात १० ते २० लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि आयुष्यभरात परिपक्व होऊन बाहेर पडतात जेमतेम ४००. नवं एकही बनत नाही. पुरुषाचा कारखाना बंद पडला तर पुन्हा सुरू होण्याची आशा तरी असते. हिच्याकडे गोदाम आहे, आणि त्यातून फक्त जावक. तिची पाळी पुढे परत आली. मग पाच वर्षं हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या. २०२३मध्ये एक मोठा अभ्यास आला, ५१६ स्त्रियांचा. बाळासाठी अशा गोळ्या दोन वर्षांपर्यंत थांबवल्या, तर निदान पुढच्या काही वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. मी तिला बातमी पाठवली. तिचं उत्तर आलं, "वाचलं होतं. पण मला बहुतेक मूल नकोच आहे गं. नऊ मात्र राहू देत." का, ते मी विचारलं नाही. बहुतेक विचारायला हवं होतं, किंवा नको.

आणि त्याच कॉरिडॉरमध्ये एक आठ वर्षांची मुलगी असायची. चाकाच्या खुर्चीवरून शर्यत लावणारी. तिचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट व्हायचं होतं. वयात न आलेल्या मुलीकडे गोठवायला तयार बीज नसतं. तिच्या बीजांडकोशाचा तुकडाच काढून ठेवावा लागतो. बेल्जियममध्ये १९९७ साली हॉजकिनच्या एका तरुण रुग्णाचा असा तुकडा ठेवला, बरी झाल्यावर परत बसवला, आणि २००४मध्ये तिला मुलगी झाली. नवव्या वर्षी थॅलेसेमियाच्या उपचारांआधी तुकडा ठेवलेल्या एका मुलीनं २०१६मध्ये लंडनला मुलाला जन्म दिला. पण ल्युकेमियासारख्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये त्या तुकड्यातून रोगच परत जाण्याची भीती असते. या मुलीच्या आईला हे सगळं दुपारी चार वाजता सांगितलं गेलं, आणि सकाळपर्यंत उत्तर हवं होतं. ती माझ्याशेजारी बाकावर बसून होती. "तिला विचारू तरी काय?" ती म्हणाली. "तिला अजून पाळी म्हणजे काय, हेसुद्धा सांगितलेलं नाही." समोर ती पोरगी खुर्चीचं चाक अडकलं म्हणून खिदळत होती. त्या बाईला मुलीच्या वतीनं उत्तर देणं भागच होतं. मला नव्हतं. १९ वर्षांचा, मतदानाचा हक्क असलेला माणूस माझ्याशेजारी नखं बघत बसला होता.

धाकटा बरा झाला. नोकरीला लागला, केस आधीपेक्षा दाट आले, थोडं पोटही सुटलं. उपचार संपून दोन वर्षं झाल्यावर डॉक्टरांनी तपासणी करून घ्यायला सुचवलं होतं, कारखाना पुन्हा सुरू झालाय का ते बघायला. तो गेला नाही. "बघायचं कशाला? ठेवलंय ना," तो म्हणतो. मी एकदा फारच मागे लागले तेव्हा तो चिडून उठून गेला आणि आठ दिवस बोलला नाही. म्हणजे त्या नळीची त्याला कदाचित गरजच नाही. बहुतेकांना ती पुढे वापरावी लागत नाहीच. किंवा जे काही आहे ते तेवढंच आहे. दोन्ही शक्यता तो झाकून ठेवतो, आणि दर वर्षी पैसे भरतो.

अभ्रा ठेवून मी त्याला फोन लावला. "अरे, एक चूक झाली," म्हणून सांगितलं. पलीकडे तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, "हो म्हणालीस? प्रगती आहे. त्या वेळी नको म्हणाली होतीस." ११ वर्षांत तो हे कधी बोलला नव्हता. त्यानं ऐकलंच नसेल, निदान विसरला तरी असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. माझ्या तोंडून काही फुटेना. तोच म्हणाला, "अगं, सोड. मलाही तेव्हा नकोच होतं. सिस्टरनी विचारलं तेव्हासुद्धा नको म्हणालो होतो. त्या म्हणाल्या, नको असेल तर नंतर टाकून देता येईल, पण ठेवलं नाहीस तर ठेवायचं ठरवता येणार नाही." सिस्टर दहा मिनिटं आत काय बोलल्या, ते मला असं ११ वर्षांनी कळलं. नंतर मीच म्हटलं, की तो नंबर बदलून घे बाबा. मला दर वर्षी तो मेसेज बघवत नाही. हे खरं नव्हतं. खरं म्हणजे तो मेसेज आला की मला बरं वाटतं. पुन्हा एक वर्ष झालं, तो आहे.

नंबर बदलायला त्याला स्वतः जावं लागतं, म्हणून गेल्या शनिवारी आम्ही गेलो. भिंतीवरची बाळं बदलली होती. टोपडी मात्र तशीच. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म दिला, आता तो सहा पानी झाला आहे. धाकट्यानं स्वतःचा नंबर लिहिला. शेजारी 'नाते' असं अजूनही छापलेलं आहे. त्यानं तिथे लिहिलं, 'स्वतः'. 'त'च्या पुढचा विसर्ग जरा जास्तच ठसठशीत. मग पान उलटलं. तेच तीन चौकोन. त्यानं पेन थांबवलं आणि डावा हात टेबलावर घेतला.

मी पाणी प्यायला उठले.